ऑपरेशनमध्ये काढलेला यकृताचा तुकडा विषाणूंच्या संशोधनाला द्यावा का?

रेवातीर

पुढच्या गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे. वय ६६. दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली. आता यकृताच्या उजव्या भागात एक गाठ दिसली आहे. एकच आहे, काढता येईल असं डॉक्टर म्हणतात. गाठीभोवतीची थोडी चांगल्या यकृताची कडही सोबत काढावी लागते.

काल नेहमीच्या संमतीपत्रांबरोबर एक वेगळा कागद मिळाला. तपासणी झाल्यावर उरलेला भाग, "निरोगी व कर्करोगग्रस्त दोन्ही", टिश्यू कल्चर करून (म्हणजे लॅबमध्ये जिवंत ठेवून) विषाणूसंसर्गाच्या अभ्यासाला वापरायला आमची परवानगी हवी आहे. सक्ती नाही, उपचारात फरक पडणार नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. समजावून सांगणारी मुलगी चांगली होती, पण आमचं दोघींचंही लक्ष ऑपरेशनकडे.

घरी आल्यावर आईने विचारलं, "माझ्या चांगल्या लिव्हरमध्ये मुद्दाम व्हायरस सोडणार? आणि कॅन्सरवाल्यातही? कशासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. इथे या क्षेत्रातली माणसं आहेत म्हणून विचारते. हे नेमकं काय करतात? आणि तुम्ही असता तर सही केली असती का?

मंदामावशी_डोंबिवली

प्रश्नातलं मला काही कळत नाही, पण आईंना खूप शुभेच्छा गं. गुरुवारी दिवा लावते. झालं की इथे कळव.

रावेरकर

टिश्यू कल्चर वाचून धागा उघडला. आमच्याकडे टिश्यू म्हटलं की केळीची रोपं. पूर्वी कंद लावायचो, मागच्या बागेचा रोग कंदातूनच पुढच्या बागेत यायचा. आता कोंबाच्या अगदी टोकाचा कण घेऊन लॅबमध्ये वाढवतात, कारण तिथे व्हायरस सहसा पोचलेला नसतो. तरी लॅबने तपासणीत कसर केली की संपलं. केळीवरच्या सीएमव्ही या व्हायरसला आमच्याकडे हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून गाडायचं, दुसरा इलाज नाही. मी एका पावसाळ्यात चौदाशे झाडं उपटली आहेत.

आम्ही टिश्यू कल्चर करतो ते व्हायरस टाळायला. माणसाच्या कल्चरमध्ये मुद्दाम घालतात हे नवीनच ऐकलं. ताई, आईंना नमस्कार सांगा.

पेट्रीडिश

रेवाताई, मी हेच काम करते. जर्मनीतल्या एका विद्यापीठात यकृताच्या कापांवर तीन वर्षं काढली. म्हणून जरा लांब लिहिते.

विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू माणसाच्या ऊतींमध्ये, आणि त्याही मज्जासंस्थेबाहेरच्या, काचेच्या नळीत वाढवून दाखवला. त्याआधी पोलिओसाठी मुख्यतः माकडं लागायची. १९५४ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. पोलिओची लस त्याच वाटेने आली.

आज लॅबमध्ये रोज वापरतात त्या पेशींपैकी पुष्कळशा कॅन्सरच्या असतात. कारण साधं आहे. निरोगी पेशी काही वेळा विभागते आणि थांबते, कॅन्सरची पेशी वर्षानुवर्षं वाढत राहते. फ्लास्कमध्ये गुलाबी द्रव, ३७ अंशांचा इनक्युबेटर, दोन-तीन दिवसांनी द्रव पिवळट दिसला की ट्रिप्सिन या विकराने तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायच्या आणि नव्या फ्लास्कमध्ये वाटून टाकायच्या. विषाणू किती आहे हे मोजायचं तर पेशींचा एकसलग थर घेऊन त्यावर विषाणू सोडतात आणि वर आगर या जेलीसारख्या पदार्थाचा थर देतात. काही दिवसांनी जांभळा रंग घातला की जिथे जिथे पेशी मेल्या तिथे गोल छिद्रं उरतात. कोकणातली आहे मी, मला ते दर वेळी घावनाच्या जाळीसारखं दिसतं. ती छिद्रं मोजायची.

अडचण अशी की फ्लास्कमधली कॅन्सरची पेशी म्हणजे यकृत नव्हे. हेपटायटिस बी चं उदाहरण घ्या. हेपजी२ नावाच्या यकृताच्या गाठीतल्या पेशी जगभर वापरतात, पण बी चा विषाणू त्यांच्यात शिरतच नव्हता. ज्या दारातून तो निरोगी यकृतपेशीत जातो ते एनटीसीपी नावाचं प्रथिन या पेशींनी जवळजवळ बंद करून टाकलेलं असतं. हे २०१२ मध्ये बीजिंगच्या गटाने शोधलं, तेही तुपाया या चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या यकृतपेशींवर काम करून. ते दार हेपजी२ मध्ये बसवल्यावर विषाणू आत जायला लागला.

म्हणून आईंच्या "चांगलं लिव्हर कशाला" या प्रश्नाचं माझं उत्तर: चांगल्या यकृतात काय होतं ते चांगल्या यकृतालाच विचारावं लागतं. एकाच माणसाचे गाठ आणि चांगली कड असे दोन्ही तुकडे मिळाले तर फारच मोलाचं, कारण वय, औषधं, आनुवंशिकता सगळं सारखं असतं. फरक उरतो तो कॅन्सरचा.

तर्कट

माझं मत: सही करू नका.

हेन्रिएटा लॅक्स हे नाव इथे यायलाच हवं. १९५१, बाल्टिमोर. पाच मुलांची आई, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तिला न विचारता तिच्या गाठीचा तुकडा घेतला. त्याच वर्षी ती गेली, वय अवघं ३१. तिच्या पेशी हेला नावाने जगभर गेल्या, पोलिओची लस तपासायला वापरल्या गेल्या, विकल्या गेल्या. घरच्यांना वीस-बावीस वर्षांनी कळलं. त्या पेशी विकून नफा कमावणाऱ्या एका कंपनीशी कुटुंबाची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. बहात्तर वर्षं!

विज्ञान मोठं आहे, मान्य. पण दर वेळी देणारा गरीब किंवा आजारी आणि घेणारा मोठा, हे मला खुपतं. ऑपरेशनच्या आठवड्यात माणूस कशालाही हो म्हणतो.

पेट्रीडिश

तर्कट, तुमचा राग रास्त आहे. त्यात एक भर घालते, कारण ती या धाग्याच्या मुळाशी जाते. हेन्रिएटांचा कॅन्सर मुळात विषाणूनेच झाला होता. हेला पेशींमध्ये एचपीव्ही १८ या विषाणूचा तुकडा आजही बसलेला आहे. हेराल्ड त्सुर हाउसेन यांच्या जर्मनीतल्या गटाने गर्भाशयमुखाच्या गाठींमधून १९८३-८४ मध्ये एचपीव्ही १६ आणि १८ वेगळे केले, त्यातून पुढे लस आली, २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरात नऊ ते चौदा वयाच्या मुली असतील त्यांनी लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. हेन्रिएटांना मिळाली नाही ती संधी आपल्या मुलींना आहे.

डॉ_सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजिस्ट आहे. रेवाताईंच्या मनात असेल पण त्यांनी विचारलं नाही ते आधी सांगतो. संशोधनाला द्यायचं म्हणून जास्त यकृत कापत नाहीत. सर्जन जेवढं काढायचं तेवढंच काढतो. नमुना आधी आमच्या टेबलावर येतो. गाठ केवढी, कडेपर्यंत पोचली आहे का, कडा मोकळ्या आहेत का, हे बघून आम्हाला हवे ते भाग आम्ही घेतो. त्यावर आईंचा पुढचा उपचार ठरतो, त्यात तडजोड नाही. उरलं तरच संशोधकाला मिळतं. गाठ लहान असेल तर मी सरळ "आज काही नाही" म्हणून परत पाठवतो.

तर्कट यांच्या मुद्द्यावर: १९५१ आणि आज यात फरक आहे. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. संमती वेगळी घ्यावी लागते, नैतिकता समितीची मंजुरी लागते, संमती मागेही घेता येते. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात पाळलं जातं का, हे विचारण्याचा हक्क मात्र रुग्णाला आहे आणि तो बजावावा.

निवृत्त_सिस्टर

तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली. उरलेला भाग कुठे जातो हे नातेवाईक विचारत नाहीत म्हणून सांगते. पिवळी पिशवी, आणि तिथून जाळायला. मी स्वतः हजारो पिशव्या बांधल्या असतील. एवढंच डोक्यात असू द्या.

औषधदुकान_सातारा

कॅन्सरची पेशी की चांगली पेशी हा प्रश्न पुस्तकी नाही. मार्च २०२० आठवा. आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यायला सांगितलं आणि दोन दिवसांत माझ्या दुकानासमोर रांग. संधिवाताच्या आणि ल्युपसच्या जुन्या पेशंटांना द्यायला माझ्याकडे गोळ्यांचा एक पत्ताही उरला नाही. एक मुलगी ल्युपसची, कॉलेजात जाणारी, तिचे वडील तीन तालुके फिरून आले. त्यांचा चेहरा अजून आठवतो. नंतर कळलं की कोविडवर त्याचा उपयोगच नाही. मग आधी लॅबमध्ये उपयोग दिसला होता तो कसा?

पेट्रीडिश

काका, हाच प्रश्न विचारायला हवा होता.

सुरुवातीचे ते प्रयोग व्हेरो पेशींवर झाले होते. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या या पेशी. कॅन्सरच्या नाहीत, पण न थांबता वाढतात, आणि विषाणू आल्यावर शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन त्या बनवू शकत नाहीत. त्यामुळे विषाणू त्यांच्यात मनसोक्त वाढतो. लस बनवायला हे उत्तम. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू व्हेरोमध्येच वेगळा केला, आणि कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणूही व्हेरोमध्येच वाढवला.

पण औषध तपासायला? व्हेरोमध्ये कोरोना पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीतून प्रवेश करतो. क्लोरोक्विन (आणि त्याच जातीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) त्या पिशवीची आम्लता मोडतं, म्हणून विषाणू अडकतो. फुप्फुसाच्या पेशीवर मात्र टीएमपीआरएसएस२ नावाचं विकर असतं, ते विषाणूला पृष्ठभागावरच कात्री लावून देतं. पिशवीत जायची गरजच उरत नाही. जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या गटाने २०२० च्या जुलैमध्ये कॅलू-३ या फुप्फुसाच्या पेशींवर हे दाखवलं, तिथे क्लोरोक्विन चाललं नाही. महिनाभर आधीच ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत रुग्णांनाही फायदा दिसला नव्हता.

आणि गंमत बघा, कॅलू-३ या कॅन्सरच्याच पेशी आहेत! म्हणजे कॅन्सरची पेशी नेहमी फसवते असं नाही. ज्या अवयवाबद्दल विचारताय त्याची दारं आणि कुलपं त्या पेशीत शाबूत आहेत का, हे आधी तपासावं लागतं. मूत्रपिंडाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण फुप्फुसाला लावलं.

औषधदुकान_सातारा

समजलं. चार वर्षांनी समजलं, पण समजलं. त्या मुलीच्या वडिलांना हे वाचून दाखवीन.

गणेशखिंड

पुण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एनआयव्ही १९५२ मध्ये सुरू झाली, तेव्हा नाव व्हायरस रिसर्च सेंटर. तिथे के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या, एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती दोन्हींच्या. त्यातल्या अल्बोपिक्टसच्या पेशींतून जपानच्या इगाराशी यांनी १९७८ मध्ये सी६/३६ हा वाण निवडला. डेंग्यूचा विषाणू वेगळा करायला तो जगभर वापरतात. डासाच्या पेशी माणसासारख्या ३७ अंशांवर नाही, २८ अंशांवर वाढतात. आणि डेंग्यू झाला तरी त्या सहसा मरत नाहीत, विषाणू बाळगून जगतात.

पुण्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारं भांडार आहे तिथे. रोज त्याच रस्त्याने जातो आपण.

रावेरकर

डास मरत नाही आणि माणूस मरतो! हे तर आमच्या मावा किडीसारखं झालं. मावा हरण्या घेऊन झाडाझाडावर फिरतो, त्याला काही होत नाही.

सुमेध_८४

मध्येच विचारतो. पेट्रीडिश यांनी लिहिलं की इंटरफेरॉन नसेल तर विषाणू मनसोक्त वाढतो. कॅन्सरच्या पेशींतही ते बिघडलेलं असतं असं वाचलं आहे. मग विषाणू सोडूनच कॅन्सर मारता येणार नाही का? माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा आहे. व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरतोय, परदेशात "व्हायरस थेरपी"ने बरं करतात म्हणून. पैसे जमवायचे तर जमवीन.

पेट्रीडिश

सुमेधदादा, आधी हे वाचा: त्या व्हिडिओवरच्या नंबरला पैसे पाठवू नका.

कल्पना खरी आहे. पुष्कळ गाठींमध्ये पेशींनी इंटरफेरॉनची धोक्याची घंटा बंद केलेली असते, कारण तीच घंटा वाढीलाही आळा घालते. त्यामुळे दुबळा केलेला विषाणू निरोगी पेशीत हरतो आणि गाठीत वाढतो. टी-व्हेक हा बदललेला हर्पिसचा विषाणू अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये मंजूर झाला, पण तो मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी, तोही गाठीत सुई टोचून. जपानमध्ये २०२१ मध्ये मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीसाठी अशाच एका विषाणूला सशर्त मंजुरी मिळाली. स्वादुपिंडासाठी मंजूर झालेला असा उपचार नाही. चाचण्या चालतात. वडिलांच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा की त्यांच्यासाठी नोंदणीकृत चाचणी कुठे आहे का. खरी चाचणी तुमच्याकडून लाखो रुपये मागत नाही.

रेवाताईंच्या तुकड्याचं काम इथेच येतं. ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरबाहेर बर्फाचा डबा घेऊन उभी राहायचे. तुकडा हातात आला की पळत लॅब. त्यातून एक छोटा दंडगोल काढायचा आणि यंत्राच्या थरथरत्या पात्याने पाव मिलिमीटर जाडीचे काप करायचे. उजेडात धरले तर आरपार दिसतात, गाठ पांढुरकी आणि यकृत तपकिरी. पेशी एकमेकींना धरून असतात, यकृतपेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर, संरक्षक पेशी, सगळ्या जागच्या जागी. फ्लास्कमध्ये हे नसतं. मग हिरवा उजेड देणारं जनुक घातलेला विषाणू सोडायचा आणि दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गाठ हिरवी आणि यकृत काळोखात, असं दिसलं की त्या विषाणूवर पुढे काम करायचं. यकृतही हिरवं झालं तर तो विषाणू कुणाच्याही शरीरात जाता कामा नये. आणि हे माणसाला इंजेक्शन देण्याआधी कळतं.

एकदा चांगल्या भागात सगळीकडे हिरवं चमकलं. आमच्या गटाचा दीड वर्षाचा विषाणू होता तो. मी खूप रडले त्या दिवशी. पण ज्या बाईंचा तो तुकडा होता त्यांनी पुढच्या किती पेशंटांना वाचवलं, हा विचार आजही येतो.

सुमेध_८४

थँक्यू ताई. नंबर ब्लॉक केला. उद्या डॉक्टरांना विचारतो.

निवृत्त_सिस्टर

सुमेध, बाबांना जेवण जात नसेल तर आहारतज्ज्ञ आणि वेदनेसाठी पॅलिएटिव्ह विभाग आत्तापासून गाठ. शेवटी जायचं ठिकाण नाही ते, लवकर गेलं की माणूस खातो, झोपतो. निरोप पाठव, मी फोनवर सांगेन.

तर्कट

पेट्रीडिश यांचं वाचून मत थोडं हललं, पूर्ण नाही. रेवाताई, सही करायचीच असेल तर हे विचारून घ्या. तुकड्यापासून कायम वाढणारी पेशींची जात बनवणार का? जनुकांचं वाचन करणार का, आणि त्यात घरच्यांशी संबंधित काही निघालं तर कळवणार का? कंपनीला देणार का? नाव कुठवर जाणार? उत्तरं लेखी मागा.

डॉ_सूक्ष्मदर्शी

तर्कट यांची यादी उत्तम आहे. आमच्या समितीत हेच विचारतो. आणखी एक: सही आईंची हवी. त्या शुद्धीत आहेत, समजून घेतात, मग मुलीने ठरवायचं नाही.

रेवातीर

चार दिवस येता आलं नाही. तुमचे प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. रावेरकरांच्या चौदाशे झाडांना ती "अरे देवा" म्हणाली. सुमेधच्या बाबांची रोज चौकशी करते.

तर्कटांचे प्रश्न कागदावर लिहून नेले. लेखी उत्तरं मिळाली: कायमची जात बनवणार नाहीत, फक्त काप, दहा दिवसांत काम संपवून नष्ट करणार. जनुकांचं वाचन नाही. नावाऐवजी क्रमांक. कंपनी नाही. डॉक्टर म्हणाले ते बरोबर होतं, मी पेन हातात घेतलं तर आईने ते काढून घेतलं. "लिव्हर माझं, सही माझी." वेळ लागला तिला, केमोनंतर बोटं बधिर आहेत, पण पूर्ण नाव लिहिलं.

ऑपरेशन गुरुवारी झालं. साडेचार तास. कडा मोकळ्या आहेत. आज चौथा दिवस, वॉर्डात आणलं आहे, मऊ भात खाल्ला.

दुपारी ती समन्वयक मुलगी भेटायला आली होती. आईने तिला पहिला प्रश्न विचारला, "माझा तुकडा कसा आहे?" ती सांगत होती की काप व्यवस्थित झाले, जिवंत आहेत, रोज द्रवातलं अल्ब्युमिन, म्हणजे यकृत बनवतं ते प्रथिन, मोजून बघतात, अजून बनवत आहेत. आईचा स्वतःचा अल्ब्युमिनचा रिपोर्ट सकाळीच आला होता, जरा कमी. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, तिकडचं माझ्यापेक्षा जोरात काम करतंय. मला अजून थोडं वरण दे."